हेड गॅस्केट बदलण्याआधी: हेड आणि ब्लॉकची बैठक कशी स्वच्छ करावी

केज तालुक्यात ऑक्टोबर उजाडला की ट्रॅक्टरला उसंत नसते. सोयाबीनची मळणी संपते न संपते तोच हरभरा-ज्वारीची पेरणी येते. त्यानंतर धनेगावच्या मांजरा धरणाच्या पाण्यावर उभा असलेला ऊस कारखान्याकडे ओढायचा असतो. मागे भरलेल्या ट्रॉल्या, वर ऊन आणि रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी. इंजिन तापण्याचे प्रकार याच काळात जास्त होतात आणि इंजिन तापले की पहिला बळी हेड गॅस्केटचा जातो.

गॅस्केट जाणे हे तसे मोठे दुखणे नाही. दुखणे पुढे सुरू होते. नवे गॅस्केट टाकून आठ-पंधरा दिवस होत नाहीत तोच रेडिएटर पुन्हा पाणी उडवायला लागतो. मग दोष गॅस्केटच्या कंपनीला दिला जातो, दुकानदाराशी वाद होतो, दुसरे गॅस्केट येते आणि तेही टिकत नाही. वाहतुकीच्या हंगामात असे दोनदा हेड उतरवावे लागले तर मजुरी आणि सुट्या भागांपेक्षा उभ्या ट्रॅक्टरचे नुकसान जास्त असते. टोळी थांबलेली, तोडलेला ऊस फडात वाळतो आहे आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.

अशा वेळी बहुतेकदा दोष गॅस्केटच्या खाली असतो. हेड आणि ब्लॉकचे एकमेकांवर बसणारे सपाट भाग, म्हणजे गॅस्केटची बैठक, नीट साफ झालेली नसते. किंवा ती इतक्या जोराने साफ केलेली असते की तिच्यातच खड्डे आणि ओरखडे पडतात. या दुसऱ्या चुकीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावून पाच मिनिटांत ब्लॉक चकचकीत करणारा कारागीर हुशार वाटतो. प्रत्यक्षात तो पुढच्या मोठ्या खर्चाची पेरणी करत असतो. हे कसे घडते ते खाली सविस्तर दिले आहे.

गॅस्केटवर किती भार असतो?

डिझेल इंजिनात इंधन पेटते त्या क्षणी सिलिंडरमधील दाब बाहेरच्या हवेच्या साठ-सत्तर पट आणि टर्बो इंजिनात त्याहूनही अधिक होतो. १०० मिमी व्यासाचा सिलिंडर धरला आणि दाब सत्तर पट धरला, तर हेडला वर ढकलणारा जोर साडेपाच टनांहून जास्त भरतो. इंजिन चालू असताना हा धक्का दर मिनिटाला शेकडो वेळा बसतो. त्याच गॅस्केटला शेजारच्या भोकांतून जाणारे पाणी आणि ऑइलही एकमेकांत मिसळू न देता अडवायचे असते.

गॅस्केट हे काम स्वतःच्या ताकदीवर करत नाही. हेडचे बोल्ट ज्या दाबाने ते दाबून धरतात, त्या दाबावर ते चालते. हा दाब सगळीकडे सारखा हवा. जुन्या गॅस्केटचा नखाएवढा, कागदाच्या जाडीचा एखादा पापुद्रा ब्लॉकवर राहिला, तर त्या जागी हेड किंचित उचललेले राहते. पापुद्र्यावर दाब जास्त पडतो आणि त्याच्या आजूबाजूला कमी. गरम वायू नेमका त्या कमी दाबाच्या जागेतून वाट काढतो. एकदा वाट सापडली की तो गॅस्केटची कड जाळत जातो आणि ती वाट रोज रुंद होते. वहीच्या साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिमी असते आणि अनेक इंजिनांत पूर्ण हेडच्या लांबीत चालणारा वाकही साधारण तेवढाच असतो. त्यामुळे ‘थोडेसे राहिले तर चालते’ हे या कामात चालत नाही.

हेड उतरवताना

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय हेडच्या नटांना पाना लावू नये. गरम हेड सैल केले की ते वाकण्याची शक्यता असते. नट बाहेरच्या टोकांकडून मधे या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत सैल करावेत. पाणी काढताना फक्त रेडिएटर रिकामा करून थांबू नये. ब्लॉकच्या बाजूचा नळ किंवा प्लगही उघडावा, नाहीतर हेड उचलताच पाणी सिलिंडरमध्ये आणि पुशरॉडच्या भोकांतून थेट चेंबरमध्ये उतरते. पुशरॉड ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ठेवावेत. पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात खोचून ठेवले की गोंधळ होत नाही.

हेड चिकटून बसले असेल तर बैठकीच्या फटीत छिन्नी किंवा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नये. तिथे पडलेला एक खड्डा पुढे कायम त्रास देतो. हेडच्या बाहेरच्या भक्कम भागाला लाकडी ठोकळा लावून हळू ठोकावे.

जुने गॅस्केट लगेच फेकू नका

निघालेले गॅस्केट ब्लॉकवर जसे होते तसेच, पुढची बाजू ओळखून, जमिनीवर गोणपाटावर पसरावे आणि पाच मिनिटे पाहावे. दोन सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीत काळा जळका पट्टा असेल, तर वायू एका सिलिंडरमधून दुसऱ्यात जात होता. सिलिंडरच्या कडेपासून पाण्याच्या भोकापर्यंत काळी रेघ असेल, तर रेडिएटरमधल्या बुडबुड्यांचे कारण तेच. पाण्याच्या भोकाभोवती गंजाचा तांबूस डाग कडेपर्यंत ओघळलेला असेल, तर तिथून पाणी बाहेर झिरपत होते. एका बाजूला गॅस्केट चांगले दबलेले आणि दुसऱ्या बाजूला जवळपास नव्यासारखे दिसत असेल, तर हेड वाकलेले आहे किंवा त्या बाजूचे नट नीट आवळलेले नव्हते.

जिथे गॅस्केट जळले आहे तिथेच ब्लॉकवर आणि हेडवर खडूने खूण करावी. साफसफाई झाल्यावर सगळी बैठक सारखीच दिसते. मग नेमकी कुठली जागा बारकाईने तपासायची ते आठवत नाही.

हेड धुता येते, ब्लॉक धुता येत नाही

या एका फरकावर पुढची सगळी पद्धत अवलंबून आहे. हेड सुटे होते. ते बाकावर नेता येते, घासता येते, डिझेलने आणि पाण्याने धुता येते आणि हवा मारून त्याची भोके मोकळी करता येतात. ब्लॉक मात्र चेसिसवरच असतो आणि त्याच्या खाली क्रँक, बेअरिंग आणि ऑइलचे मार्ग उघडे असतात. वरून पडलेला प्रत्येक कण खाली जातो आणि तिथून काढता येत नाही. त्यामुळे हेडवर जे चालते ते ब्लॉकवर चालत नाही.

ब्लॉकला हात लावण्याआधी सगळी भोके बंद करावीत. सिलिंडरमध्ये स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाचे बोळे बसवावेत. ऑइलचे भोक, पुशरॉडची भोके आणि पाण्याची भोके चिकटपट्टीने किंवा घट्ट बोळ्यांनी बंद करावीत. बोळे किती टाकले ते मोजून लिहून ठेवावे. ही सूचना हास्यास्पद वाटेल, पण पाण्याच्या भोकात विसरलेली चिंधी पुढे पाण्याची वाट अडवते आणि इंजिन का तापते हे कोणालाच कळत नाही.

सिलिंडरच्या कडेला, पिस्टन आणि लायनरच्या मधल्या फटीत, ग्रीसची पातळ वळी फिरवण्याची जुनी युक्ती चांगली आहे. पडणारे कण ग्रीसमध्ये अडकतात आणि शेवटी ग्रीससकट पुसून काढता येतात. मात्र यासाठी पिस्टन वर-खाली करायला क्रँक फिरवण्याआधी आपले लायनर कोणत्या प्रकारचे आहेत ते पाहावे. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरते आणि खाली रबरी रिंग असते. हेड काढल्यावर अशा लायनरला वरून धरून ठेवणारे काही उरत नाही. क्रँक फिरवली की पिस्टनबरोबर लायनर किंचित वर सरकतो, रबरी रिंग दुखावते आणि काम संपल्यावर ऑइलमध्ये पाणी दिसू लागते. मग दोष पुन्हा गॅस्केटवर येतो. अशा इंजिनात स्टडवर पाइपचे तुकडे, मोठे वॉशर आणि नट लावून लायनर दाबून धरावेत, नाहीतर क्रँक फिरवूच नये.

आधी भिजवा, मग खरवडा

कोरडे, जळून चिकटलेले गॅस्केट जोर लावून काढण्यात वेळही जातो आणि बैठकही खराब होते. बाजारात गॅस्केट काढण्याचे फवारे किंवा पेस्ट मिळते. रंग काढण्याचे द्रावणही चालते. लावून १०-१५ मिनिटे थांबले की पापुद्रा मऊ होतो. हातात रबरी मोजे आणि डोळ्याला चष्मा हवा, कारण ही द्रावणे त्वचा भाजतात. यातले काही मिळाले नाही तर डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी अर्धा तास ठेवली तरी थोडा फरक पडतो. पूर्वी या कामाला रॉकेल असायचे, आता ते सहसा मिळत नाही. पेट्रोल मात्र वापरू नये. बंदिस्त गॅरेजमध्ये, शेजारी वेल्डिंग चालू असताना पेट्रोलने भाग धुण्याची सवय अजून दिसते आणि त्यातून आग लागायला एक ठिणगी पुरते.

खरवडण्यासाठी रुंद, सरळ धारेची पात घ्यावी. ब्लॉक आणि हेड बिडाचे असेल, आणि शेतीच्या बहुतेक ट्रॅक्टरमध्ये ते तसेच असते, तर पोलादी पात चालते. पात जवळजवळ आडवी धरावी, म्हणजे ती पृष्ठभागावरून सरकेल, त्यात रुतणार नाही. पातीचे कोपरे दगडावर थोडे गोल करून घेतले तर ओरखडा पडत नाही. एकाच दिशेने, लांब आणि हलक्या हाताने खरवडावे. पुन्हा चिकट लागले की जोर वाढवण्याऐवजी पुन्हा भिजवावे.

अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचा विषय वेगळा आहे. पिकअप, जीप आणि काही लहान इंजिनांत ते असते. अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने पोलादी पात त्यात सहज रुतते. तिथे कडक प्लास्टिकची किंवा लाकडाची पात वापरावी आणि भिजवण्यावर जास्त भर द्यावा. काही ठिकाणी इंजिनचे भाग कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात टाकून साफ करतात. बिडाला ते चालते, पण अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिकमध्ये अक्षरशः विरघळते. हेड कोणत्या धातूचे आहे याची खात्री नसेल तर चुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटले नाही तर ते अ‍ॅल्युमिनियम समजावे.

लायनरची कड ब्लॉकच्या वर किंचित उचललेली असते. खरवडताना पात तिच्यावर आपटू नये. गॅस्केटची आगीकडची रिंग नेमकी या कडेवर बसते.

ग्राइंडर का नको?

आता मूळ मुद्द्याकडे. ग्राइंडरच्या किंवा ड्रिलच्या चकतीत घासणारे कण असतात, बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे. हे कण पोलादापेक्षा कठीण असतात. चकती फिरताना त्यातले कण सुटतात आणि धुळीसारखे सगळीकडे उडतात. बोळे घातलेले असले तरी काही कण ऑइलच्या भोकांत, पुशरॉडच्या भोकांत आणि पिस्टनच्या कडेला जातातच.

इंजिन चालू झाले की हे कण ऑइलबरोबर फिरतात. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातील ऑइलचा थर मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढाच असतो. कण त्यात शिरला की मऊ बेअरिंगमध्ये रुतून बसतो आणि क्रँकला एखाद्या कानशीसारखा घासत राहतो. ‘ऑइल फिल्टर आहे की’ असे म्हणून चालत नाही. अगदी बारीक कण फिल्टरमधून निसटतात. थंड इंजिन सुरू होताना ऑइल घट्ट असते, तेव्हा अनेक फिल्टरचा बगल-मार्ग उघडतो आणि ऑइल न गाळता पुढे जाते. शिवाय हेडकडे येणारे ऑइलचे भोक फिल्टरच्या पुढे असते. त्यात पडलेला कण गाळला जाण्याचा प्रश्नच येत नाही.

हा धोका फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील जनरल मोटर्सने आपल्या वर्कशॉपना सूचनापत्रक काढून इंजिनची बैठक अशा चकत्यांनी साफ करू नये असे बजावले होते. चकतीतून सुटलेल्या कणांनी बेअरिंग खराब होऊन इंजिन बाद होते, हे त्यामागचे कारण होते.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. हाताने धरलेली चकती सगळीकडे सारखी घासत नाही. जिथे हात थांबला तिथे उथळ खळगा पडतो. बैठक चकचकीत दिसते, पण सपाट राहत नाही. पट्टी लावली तरच ते कळते आणि पट्टी लावणारे फार थोडे असतात. ग्राइंडरवर लावलेल्या तारेच्या ब्रशलाही हाच आक्षेप आहे. त्याशिवाय त्याच्या तुटलेल्या तारा सिलिंडरमध्ये पडतात.

ब्लॉकवर शेवटचे डाग राहिले तर काय करावे? धार लावण्याचा बारीक, सपाट आणि मोठा दगड डिझेलने ओला करून पूर्ण बैठकीवर हलकेच फिरवावा. तो फक्त उंच राहिलेले ठिपके खाली आणतो आणि जी घाण निघते ती डिझेलच्या चिखलात राहते, उडत नाही. ती लगेच पुसून घ्यावी. हेडवर मात्र, ते सुटे असल्याने, सपाट लाकडी ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून हाताने घासता येते. त्यानंतर हेड सगळ्या भोकांसह पूर्ण धुवावे. गॅस्केटचे काळे डाग राहिले तरी हरकत नाही. हाताला लागत नाही तो डाग, डागच असतो. नखाला अडकते ते मात्र काढलेच पाहिजे.

जुन्या गॅस्केटची पांढरी धूळ

जुन्या ट्रॅक्टरमध्ये आणि जुन्या पाण्याच्या इंजिनात तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये पांढरट-करडा तंतुमय थर असलेले गॅस्केट सापडते. तो थर अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो. अ‍ॅस्बेस्टॉसची कोरडी धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही आणि तिच्यामुळे होणारे आजार, कर्करोगासह, वीस-तीस वर्षांनीही उमटतात. हे नुकसान मालकाचे नाही, गॅरेजमध्ये रोज हेच काम करणाऱ्या कारागिराचे आणि त्याच्या हाताखालच्या पोराचे आहे. असे गॅस्केट कोरडे खरवडू नये, त्यावर हवा मारू नये आणि झाडू फिरवू नये. पाणी आणि थोडा साबण मारून ओले ठेवावे, ओल्या चिंधीने गोळा करावे, पिशवीत बांधून टाकावे आणि नाका-तोंडाला चांगला मास्क लावावा. साधा रुमाल ही धूळ अडवत नाही.

बोल्टची भोके: इथे ब्लॉक फुटतो

हेडचे बोल्ट ब्लॉकमधील ज्या भोकात जातात ती अनेक इंजिनांत खालून बंद असतात. साफसफाई करताना त्यात डिझेल, पाणी आणि कचरा साचतो. तसाच बोल्ट आवळला तर खालच्या द्रवाला जायला जागा नसते. द्रव दाबला जात नाही आणि सगळा जोर भोकाच्या भिंतीवर येतो. भोकाच्या बाजूने ब्लॉकला तडा जाऊ शकतो. असा तडा म्हणजे ब्लॉकच बदलणे.

म्हणून प्रत्येक भोक काडीला चिंधी गुंडाळून टिपून घ्यावे, मग कॉम्प्रेसरची हवा मारावी. हवा मारताना भोकावर कापड धरावे आणि चष्मा लावावा, कारण आतला कचरा थेट डोळ्यात येतो. आट्यांत कार्बन किंवा गंज असेल तर योग्य मापाचा टॅप हाताने हलकेच फिरवावा. बोल्टचे आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत. आट्यांत घाण असेल तर टॉर्क पाना ‘पुरे झाले’ म्हणतो, पण तो जोर आट्यांच्या घर्षणात गेलेला असतो, गॅस्केटपर्यंत पोहोचतच नाही. ताणलेला, मधे बारीक झालेला किंवा आटे खाल्लेला बोल्ट परत वापरू नये.

स्टड असतील तर ते पट्टी लावताना आडवे येतात. एकाच स्टडवर दोन नट एकमेकांवर आवळून खालचा नट फिरवला की स्टड निघतो. निघतच नसतील तर पट्टी स्टडांच्या मधून जमेल तशी लावावी.

शेवटचा हात

बोळे काढण्याआधी सगळी बैठक पुसावी. व्हॅक्यूम असेल तर तो आधी फिरवावा. मग बोळे मोजून काढावेत, ग्रीस पुसावे, सिलिंडरच्या भिंतींवर थोडे इंजिन ऑइल लावावे. शेवटी हेड आणि ब्लॉक या दोन्हींची बैठक थिनरमध्ये भिजवलेल्या स्वच्छ पांढऱ्या कापडाने पुसावी. डिझेल आणि रॉकेल वाळल्यावरही तेलाचा थर मागे ठेवतात, थिनर ठेवत नाही. कापड काळे येणे थांबेपर्यंत नवे कापड घ्यावे. या वेळी जवळपास विडी-सिगारेट नको.

पट्टी लावल्याशिवाय गॅस्केट टाकू नये

चांगली सरळ पोलादी पट्टी, गॅरेजमध्ये जिला स्ट्रेट एज म्हणतात, आणि फीलर गेज एवढीच साधने लागतात. पट्टी हेडवर लांबीने, रुंदीने आणि दोन्ही कर्णांवर उभी ठेवावी आणि तिच्याखाली फीलर गेजची पाती सरकवून पाहावी. ब्लॉकवरही तसेच करावे, लायनरच्या कडा टाळून. किती फट चालते हे त्या इंजिनच्या पुस्तिकेत दिलेले असते. साधारणपणे पूर्ण लांबीत ०.१ मिमीच्या आसपासची मर्यादा दिसते, काही इंजिनांत ती अर्ध्यावर असते. सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीत, जिथे आपण खडूची खूण केली होती, तिथे जास्त कडक नजर हवी.

ओरखड्यांकडे पाहताना त्यांची दिशा पाहावी. सिलिंडरभोवती गोल फिरणारा बारीक ओरखडा फारसा त्रास देत नाही. सिलिंडरपासून पाण्याच्या किंवा ऑइलच्या भोकाकडे जाणारा, नखाला अडकणारा ओरखडा म्हणजे वायूसाठी तयार पाट.

लायनर किती वर आहे तेही पाहावे. सगळे लायनर पुस्तिकेतील मापात आणि एकमेकांच्या बरोबरीने हवेत. एक लायनर खाली बसलेला असेल तर त्या सिलिंडरचे गॅस्केट कितीही चांगले आणले तरी जळणारच. लायनरच्या बैठकीखाली गंज किंवा जुना कचरा असला तरी हेच होते. ट्रॅक्टर वर्षानुवर्षे क्षारयुक्त पाण्यावर चालला असेल तर हे आवर्जून तपासावे.

हेड मर्यादेबाहेर वाकले असेल तर लेथवर फेसिंग करून घ्यावे. ते करताना हेड किती पातळ करता येते त्याला मर्यादा असते आणि व्हॉल्व्ह किती आत बसले आहेत तेही मोजावे लागते, नाहीतर पिस्टन व्हॉल्व्हला लागू शकतो. हेडला तडा आहे का हे पाण्याच्या दाबावर तपासून घ्यावे. फेसिंग करून आलेल्या हेडच्या भोकांत लोखंडाचा बारीक चुरा असतो. तो धुतल्याशिवाय हेड चढवू नये. नवे गॅस्केट पोलादी पत्र्यांच्या थरांचे असेल तर त्याला जास्त गुळगुळीत बैठक लागते. हे फेसिंगवाल्याला आधीच सांगावे.

बसवताना

गॅस्केट कोरडेच बसवावे. शेलॅक, सिल्व्हर रंग, सिलिकॉन असे काही लावू नये. गॅस्केटच्या पाकिटावर लावायला सांगितले असेल तरच लावावे. वरची आणि पुढची बाजू छापलेली असते, ती पाहावी आणि ऑइल-पाण्याची सगळी भोके गॅस्केटमधून मोकळी दिसतात का ते खात्रीने पाहावे. जुने गॅस्केट आठ दिवस वापरलेले असले तरी पुन्हा टाकू नये, एकदा दबलेले गॅस्केट पुन्हा दबत नाही. नट मधून बाहेर या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळावेत. लांब पाइप लावून अंदाजाने आवळलेले हेड एका बाजूने कमी आणि दुसऱ्या बाजूने जास्त दाबले जाते. त्यानंतर टॅपेटची फट पुन्हा लावावी.

ऑइल आणि फिल्टर नवे टाकावेत. जुन्या ऑइलमध्ये पाणी गेलेले असते आणि कितीही काळजी घेतली तरी थोडा कचरा खाली गेलेलाच असतो.

इंजिन तापलेच कशामुळे?

हे शोधल्याशिवाय ट्रॅक्टर गॅरेजबाहेर काढला तर बैठकीवर घातलेला वेळ वाया जातो. मळणीच्या काळात सोयाबीनचा भुसा आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत घट्ट बसते. ती इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हवा मारून काढावी. फॅनचा पट्टा सैल आहे का, पाण्याचा पंप गळतो का, रेडिएटरच्या झाकणाचे रबर गेले आहे का, हे पाहावे. ‘तापतो म्हणून’ थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत चुकीची आहे. काही इंजिनांत त्यामुळे पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरत राहते आणि इंजिन उलट जास्त तापते.

आपल्या भागातील बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे. माठाच्या तळाला आणि पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर बसतो, तोच थर इंजिनच्या आतल्या भिंतींवर बसतो आणि उष्णता पाण्यापर्यंत जाऊ देत नाही. रेडिएटरमध्ये मऊ पाणी आणि पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात कूलंट टाकावे. गावातल्या फिल्टर प्लँटचे पाणी कूलंटबरोबर चालते. नुसते, कूलंटशिवाय वापरले तर गंज वाढतो. आणि उसाच्या वाहतुकीत सर्वांत घातक सवय म्हणजे उकळलेल्या इंजिनात कॅनालचे थंड पाणी ओतणे. लाल झालेल्या तव्यावर पाणी मारावे तसे हेड वाकते किंवा तडकते. इंजिन तापले तर बाजूला घेऊन थंड होऊ द्यावे.

पहिले दोन दिवस

डिझेलच्या पाइपमधील हवा काढून इंजिन सुरू करावे आणि रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून पाहावे. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात, ती आत अडकलेली हवा असते. इंजिन गरम झाल्यावरही सतत, एका तालात बुडबुडे येत राहिले तर इंजिन बंद करून पुन्हा तपासावे. पहिल्या दिवशी भरलेल्या ट्रॉल्या जोडू नयेत. संध्याकाळी इंजिन थंड झाल्यावर पाणी आणि ऑइलची पातळी पाहावी, डिपस्टिकवरचे ऑइल चहासारखे दुधाळ दिसते का ते पाहावे. काही इंजिनांत ठरावीक तास चालल्यावर नट पुन्हा आवळायचे असतात, काहींत अजिबात आवळायचे नसतात. ते पुस्तिकेतून किंवा गॅस्केटच्या पाकिटावरून पाहून ठरवावे. पुन्हा आवळले तर टॅपेट पुन्हा तपासावे.

टॉर्क पाना, फीलर गेज आणि सरळ पट्टी प्रत्येक शेतकऱ्याने घेण्याची गरज नाही. शेतकरी उत्पादक कंपनीच्या किंवा गटाच्या अवजार बँकेत ही तीन साधने ठेवली तर चार-पाच गावांना पुरतात. कृषी सहायकांनी सोयाबीन काढणीच्या आधी, सप्टेंबरमध्ये, एखाद्या गॅरेजमध्ये उघडलेल्या इंजिनावरच याचे प्रात्यक्षिक ठेवावे. ट्रॅक्टरचालकांबरोबर त्यात स्थानिक मिस्त्रींनाही बोलवावे.